दुसरा कोड

चोरांनी काळवेळ पाळावी असं माझं म्हणणं नाही, पण भर दुपारी बारा वाजता म्हणजे अतिच झालं. आमच्या मागच्या लाइनीतले सुधाकर आणि अलका चार दिवस इंदूरला गेले होते. परत आले तर घर धुऊन नेलेलं, तेही आदल्या दिवशी भर दुपारी, असं मागाहून कळलं. टीव्ही, मिक्सर, अलकाच्या पैठण्या, देवघरातला चांदीचा बाळकृष्णसुद्धा. कुलूप मात्र शाबूत.

पोलीस आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चाबी किसके पास थी?"

किल्ली शेजारच्या उषाकडे होती. उषाला तीनदा ठाण्यावर बोलावलं. निघालं काहीच नाही. पण तेव्हापासून भाजीच्या गाडीवर अलका दिसली की उषा घरात निघून जाते.

आमची टाउनशिप कारखान्याच्या भोंग्यावर उठते आणि भोंग्यावर जेवते. पहिल्या शिफ्टची माणसं गेली की दुपारभर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यातून अर्धे क्वार्टर रिटायर झालेल्यांनी सोडलेले, अंगणात कमरेएवढं गाजरगवत. पूर्वी ती शांतता मला आवडायची. आता पानं वाजली तरी मी कडी तपासायला उठत होते. एकदा तर हातात लाटणं घेऊन अर्धा तास दाराआड उभी होते आणि बाहेर निघाला पोस्टमन.

फेब्रुवारीत नागपूरला भाचीचं लग्न होतं. आठ दिवस घर बंद ठेवायचं होतं आणि कपाटात आमच्या मुलीचे, वैशाखातल्या लग्नासाठी घडवलेले दागिने होते. बँकेतल्या लॉकरसाठी आमचं नाव वेटिंगवर. दागिने गाडीतून न्यायची माझी छाती नव्हती आणि मागे ठेवायचीही नव्हती.

"अलार्म बसवू," भालचंद्र म्हणाले. भालचंद्र म्हणजे आमचे हे. कारखान्यात टेस्टिंगला इंजिनिअर, त्यामुळे तपासल्याशिवाय घरात सुईसुद्धा येत नाही. पंधरा दिवस जेवणाचं टेबल माहितीपत्रकांनी भरलेलं होतं. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवत होतो.

शेवटी रायसेन रोडला आनंद नगरमधल्या दुकानात गेलो. दुकानदार दिलीप जन्मानं मराठी, पण तीन पिढ्या भोपाळात मुरलेला.

"काकू, साधा वाला घेऊ नका. तो नुसता बोंबलतो, लोकांना वाटतं कोणाच्या गाडीचा हॉर्न अटकला आहे. कॅमेरावाल्यात चोर दिसतो, पण पकडल्या जात नाही. हा वाला बघा. दरवाजा खुलला की पहिले तीस सेकंद टीं टीं करतो. तेवढ्यात कोड दाबला तर ठीक, नाहीतर सायरन. आणि लगेच तीन नंबरांवर फोन जातो. आवाज काकांचाच भरायचा."

ह्यांचे डोळे चमकले. यंत्र घरी येऊन बसलं. कोड काय ठेवायचा यावर मात्र इंजिनिअरचं डोकं चाललं नाही. टाउनशिपमधला माणूस ठेवतो तोच ठेवला, स्वतःच्या स्टाफ नंबरचे शेवटचे चार आकडे.

"यात अजून एक कोड पडतो," दिलीप स्क्रू पिळता पिळता म्हणाला. "एक घरच्यांचा, एक भरोसेवाल्याचा. म्हणजे भाऊ, शेजारी, जो पण असेल. बोला काकू, कोणाचा टाकू?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या ओठांवर एकच नाव होतं.

नलिनीताई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, माहेर अमरावतीचं, त्यांचे काशिनाथराव ह्यांच्याच खात्यात. टाउनशिपमध्ये कोणी गावाला निघालं की किल्ली शेजारी. सगळेच नोकरीपायी आलेले, सासर-माहेर रात्रभराच्या प्रवासावर. शेजारी नाही तर कोण? आमची किल्ली बावीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात चहाच्या गाळणीशेजारी खिळ्याला आहे. त्यांची माझ्याकडे फ्रिजवर. एकीनं गावाला जायचं, दुसरीनं तुळशीला पाणी घालायचं आणि परतीच्या दिवशी दूध तापवून, देवापाशी दिवा लावून, काहीतरी गरम झाकून ठेवायचं. प्रवासातून आलेल्या माणसानं अंधाऱ्या, थंड घरात पाऊल टाकू नये म्हणून. ह्यांना कावीळ झाली तेव्हा माझ्या मांडीवर तान्ही मुलगी होती. महिनाभर कारखान्याच्या दवाखान्यातून औषधं आणली ती नलिनीताईंनी.

हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ आठवलं, चाबी किसके पास थी?

"राहू द्या रिकामा," हे म्हणाले.

शब्द ह्यांचे होते, पण गप्प मी बसले होते. पुढे कितीदा तरी मी मनात तो दोष ह्यांच्या माथी मारून पाहिला, तो तिथे टिकला नाही.

आता प्रश्न किल्लीचा. परत मागावी तर कोणत्या तोंडानं? कुलूप बदलावं तर त्यांना कळणार. मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. किल्ली राहू दिली आणि अलार्मचं सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "ताई, या वेळी काही त्रास घेऊ नका हं. तुळशीला बाई पाणी घालेल बाहेरून, दूध आम्ही स्टेशनवरून येताना घेऊ."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. मला सुटल्यासारखं झालं. आपल्यात ज्याला 'त्रास घेऊ नका' म्हणतात तो त्रास घेतोच, हे मला पन्नाशीत माहीत नव्हतं का? पण भीती शिरली की अक्कल गहाण पडते.

लग्नात मी मिनिटामिनिटाला ह्यांचा फोन पाहत होते. मुहूर्तालासुद्धा अक्षता एका हातात आणि फोन दुसऱ्या. आठ दिवस तो वाजला नाही. परतीच्या गाडीत इटारसी सुटलं तेव्हा कुठे मी डोळे मिटले. आणि तेव्हाच तो वाजला.

ह्यांनी कानाला लावला आणि चेहरा पांढरा पडला. मग मलाही ऐकवला. ह्यांचाच आवाज होता, सातदा सराव करून भरलेला. "क्वार्टर में चोर घुस आया है. तुरंत आइए. क्वार्टर में चोर..." नर्मदेचा पूल आला, पुढे बुधनीचा घाट, आणि आवाज तुटला.

"किल्ली नलिनीवहिनींकडेच आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"हो."

एवढंच बोललो आम्ही. घाटात फोन लागत नाही. बोगद्यामागून बोगदे, आणि मी त्या काळोखात बसून काय विचार करत होते ते लिहायला लाज वाटते. आधी दागिने दिसले. मग तो खिळा दिसला, गाळणीशेजारचा, रिकामा. बावीस वर्षं किल्ली सांभाळणारी बाई माझ्या मनात वीस मिनिटांत चोर झाली. मग काशिनाथरावांच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलंय हे आठवलं, त्यांच्या धाकट्याला नोकरी नाही हेही आठवलं. मन एकदा घसरलं की त्याला धरायला कोणी नसतं.

घाट संपला, बरखेड्यापाशी फोन आला. टाउनशिपच्या सिक्युरिटीचा गार्ड होता, अलार्मच्या तीन नंबरांतला एक त्यांचा. एजन्सी नवी, माणसं नवी, कोणाला ओळखत नव्हती. मागे सायरन किंचाळत होता.

"सर, पकड़ लिया है. औरत है. चाबी लेकर घुसी थी. बोल रही है पड़ोसन हूँ."

आणि त्या कल्लोळात मला ओळखीचा आवाज ऐकू आला. "अरे बाबा, दूध रखने आयी मैं, दूध! ये देखो पतीला."

मी फोन ओढून घेतला. "छोड़ो उनको! बड़ी बहन है मेरी!"

"चाबी आपने दी थी?"

"हाँ, मैंने दी थी!"

"तो मैडम, फिर अलार्म का नंबर क्यों नहीं दिया इनको?"

त्याचा फोन लाउडस्पीकरवर होता. दारात निम्मी लाइन जमली असणार, सायरनवरही गलका ऐकू येत होता. तो थांबला. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते, नलिनीताईही.

"भूल गयी," मी म्हणाले. माझ्या कानांनाही ते खोटं वाटलं.

"तो अब बताइए, कान फट रहे हैं."

"इनके स्टाफ नंबर के आखिरी चार..." मी आकडा सांगायच्या आधीच सायरन बंद झाला. मला आधी कळेना. मग कळलं. दवाखान्याच्या खिडकीवर महिनाभर तोच नंबर सांगून औषधं घेतली होती त्यांनी. पाठ होता.

घरी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. फाटकाच्या खांबावर ताईंकडची किल्ली, तिच्यावर एक दगड. आत देवापाशी दिवा जळत होता. दूध तापवून फ्रिजमध्ये, ओट्यावर पिठलं-भात झाकलेला. चोर म्हणून पकडल्यावरही त्यांनी काम पुरं केलं होतं. कपाट उघडून पाहावं असं मला वाटलं नाही. ह्यांनी पाहिलं. सगळं होतं. मी ओट्याशी उभ्या उभ्या रडले, मोठ्यानं रडले.

तशीच शेजारी गेले. नलिनीताई तांदूळ निवडत होत्या.

"ताई, माझं चुकलं."

"अगं, चुकलं काय त्यात? चोराचं भ्याव असतंच." हसल्या त्या. "मला वाटलं तुझा फ्रिज कुणकुणतो आहे. दार नीट लावत बसले त्याचं."

किल्ली पुढे केली तर म्हणाल्या, "असू दे आता तुझ्याकडेच." मी दुसरा कोड त्यांच्या नावानं टाकून घेतला, तेही सांगून आले. "बरं केलंस," म्हणाल्या, पण आकडा विचारला नाही. पुढचे दोन महिने वाटीतून भाजी येत होती, वाटीतून जात होती, हळदीकुंकू झालं, सगळं झालं. गाळणीशेजारचा खिळा रिकामा राहिला.

एप्रिलात ती दोघं अमरावतीला निघाली. बातमी मला मोलकरणीकडून कळली, त्यांच्याकडून नाही. त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत होते. बॅगा बाहेर आल्या. ऑटो आला. काशिनाथराव बसले. नलिनीताईंनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकली. संपलं, असं मला वाटलं. मी पडदा सोडला.

तेवढ्यात फाटक वाजलं. त्या आल्या, पर्स उघडली, किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"रविवारी दुपारी पोचतो आम्ही. दूध ठेवशील ना?"

"ठेवते की, ताई."

त्या निघाल्या, फाटकापाशी वळल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"आणि घाबरू नको हं सुचेता. आमच्याकडे काही वाजत नाही."

रविवारी दुपारी मी दुधाचं पातेलं घेऊन त्यांचं दार उघडलं. कोणी पाहत नव्हतं. तरी आत पाऊल टाकायच्या आधी मी उंबऱ्यावर थांबले, आणि तीस मोजले.