पायलने काढलेला पूल

शोध : चौथी परिसर अभ्यास नकाशा व्हिडिओ मराठी फुकट

पहिल्या व्हिडिओत एक हसरी बाई म्हणत होती, "चला मुलांनो, आपण आपल्या घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊ या." मलिहा मॅडमनी तो बंद केला. हिवरदरीच्या पोरांना मेट्रो ठाऊक नव्हती असं नाही. जावेदचा मामा पुण्यात तिच्यात बसून व्हिडिओ कॉल करायचा. पण त्या बाईच्या नकाशातले सगळे रस्ते एकमेकांना काटकोनात भेटत होते. हिवरदरीत काटकोन एकच, शाळेच्या लाकडी गुण्यातला, आणि त्याचाही कोपरा उंदराने खाल्लेला.

दुसऱ्या व्हिडिओत पंचवीस सेकंद शिकवलं होतं आणि चार मिनिटं बेलचं बटण दाबायला सांगितलं होतं. तिसरा फार छान होता, पण कन्नडमध्ये. मग एक कागद सापडला, छापून घ्यायचा. "तुमच्या घराजवळच्या उद्यानाला हिरवा रंग द्या."

मॅडम डोणगावहून रोज स्कूटीवर येत. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन, वर्ग चार, मुलं अकरा. चौथीत दोघंच होते, पायल आणि जावेद. त्यामुळे पहिलं यायचं की शेवटचं, हे पायल तिच्या लहरीनुसार ठरवायची.

शोध : मुलांनी स्वतः नकाशा तयार करणे

इथे तो सापडला. सगळ्या जगाचा नकाशा, आणि कुणीही यावं, आपल्या गल्लीचा रस्ता काढून जावं. पैसे नाहीत, जाहिरात नाही. मॅडमनी वर्गातल्या टीव्हीवर तो लावला आणि हिवरदरी शोधली.

"हे पाहा आपलं गाव."

"गाव कुठी हाय म्याडम? नुसतं नाव हाय," पायल म्हणाली.

खरंच होतं. नावाच्या खाली पांढरं. आठ दिवस चौथीने ते पांढरं भरून काढलं. शाळा काढली, विहार काढला, मशीद काढली, हापशी काढली. शकूरचाचांची पिठाची चक्की काढताना चाचा स्वतः येऊन उभे राहिले आणि चक्की थोडी मोठी दाखवा म्हणाले. जावेदने त्यांना प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. चाचांना ते पटलं नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मॅडम पोषण आहाराची माहिती फोनवर भरत होत्या. किती शिजलं, किती खाल्लं, चव कुणी घेतली. टीव्हीसमोर पायल एकटी होती. तिने शाळेपासून एक रस्ता काढायला घेतला, जानरावांच्या वावरातून, नाल्यापर्यंत, आणि पलीकडे सावरखुट्याच्या शाळेपर्यंत. पडद्यावर प्रश्न आला.

*हा रस्ता पाण्याला छेदतो. येथे पूल आहे का?*

पायलने तो नीट, मोठ्याने वाचला. मॅडम तेव्हा चवीच्या रकान्यात होत्या.

पायलने "हो" दाबलं.

सोमवारी मॅडमनी केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात लिंक टाकली. "नकाशाच्या पाठासाठी उपयुक्त. आमच्या मुलांनी अख्खं गाव काढलं आहे." खाली बत्तीस अंगठे आले.

शोध : कमी पटसंख्या शाळा समायोजन अंतर

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मुख्याध्यापक दयाराम सरांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग चष्मा पुसून परत मोठ्याने.

"हिवरदरी शाळा. पट अकरा. सावरखुटा शाळेपासूनचे अंतर शून्य पॉइंट आठ किलोमीटर, नकाशानुसार. अंतर एक किलोमीटरच्या आत असल्याने सदर शाळा सावरखुटा शाळेत समायोजित करणे प्रस्तावित आहे."

"म्हणजे बंद," मॅडम म्हणाल्या.

"बंद म्हणत नाहीत. समायोजित म्हणतात. कुलूप तेच लागतं." सरांनी पत्र टेबलावर ठेवलं. "मी सतरा वर्षं इथे आहे. सावरखुट्याला जायचं तर डांबरी रस्त्याने फाटा, फाट्यावरून वळसा. सव्वाचार किलोमीटर. हे आठशे मीटर कुणी मोजलं?"

मॅडमनी नकाशा उघडला. नाल्यावर दोन छोट्या समांतर रेघा होत्या. सुबक. गटातल्याच कुणीतरी अंतरांचा तक्ता भरायला हाच नकाशा घेतला होता. उपयुक्त होता ना.

"पायल."

"हाव म्याडम."

"हे काय काढलंस?"

"पूल."

"कुठे आहे पूल?"

"होनार हाय ना. सरकारी लोक तीनदा मोजून गेले."

"झालेला आहे का?"

"मंग त्यानं इचारलं काऊन? पूल हाय का म्हने. नाही म्हनलं असतं तं रस्ता पान्यात पडला असता."

"म्या सांगलं होतं हिले," जावेद म्हणाला, "पूल नोको काढू, सिमिटाचा पाइप टाक. ऐकते कुठी."

सूची

दोन समांतर रेघा : पूल (असल्यास)
निळी रेघ : नाला (असतोच)
तुटक रेघ : पायवाट (उन्हाळ्यात)
लहान चौकोन, वर झेंडा : शाळा (पत्र येईपर्यंत)

शोध : चुकून काढलेला पूल कसा पुसावा

दोन मिनिटांत पुसला गेला. मॅडमनी लगेच तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला.

"मॅडम, यादी वर गेली," तिकडचा आवाज म्हणाला. "आता साहेब स्थळपाहणीला येतील. काय असेल ते तेव्हाच सांगा."

संध्याकाळी पायलची आई चांगुणा मजुरीवरून परत जाताना शाळेच्या फाटकाशी थांबली. डोक्यावरचं गवत खाली ठेवलं नाही.

"म्याडम, म्या ऐकलं शाळा चालली."

"अजून नाही गेली."

"गेली तं पायल घरीच राह्यल. त्या फाट्यावरून उसाचे ट्रक जातात. म्या कामावर जाऊ का इले सोडाले जाऊ? पह्यलीतले चार लेकरं तं पोचतच नाहीत तिथपर्यंत." गवताचा भारा सावरत ती म्हणाली, "कोन्या येड्यानं मोजलं आठशे मीटर?"

पायल आईच्या मागे उभी होती. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी गवताकडे पाहिलं.

शोध : विस्तार अधिकारी यांना आपली चूक कशी सांगावी

पहिलं उत्तर आलं, *किरकोळ रजेच्या अर्जाचा नमुना.*

दयाराम सरांचं म्हणणं वेगळं होतं. "लिहून दिलंत ना, तर शाळेचं राहील बाजूला. चुकीची माहिती पुरवली म्हणून तुमचीच चौकशी लागेल. तोपर्यंत शाळा समायोजित."

"मग काय करायचं?"

"साहेबांना चहा पाजायचा," सर म्हणाले, आणि साखरेचा डबा उघडून पाहिला.

शोध : (रेंज नाही)

विस्तार अधिकारी राजकुमार अवसरमोल साहेब गाडीने आले. डांबरी रस्त्याने, फाट्यावरून, अर्थात. पायांत नवेकोरे पांढरे बूट, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, आज ऊन होतं.

"मॅडम, मी माणूस वाईट नाही," चहा घेता घेता साहेब म्हणाले. "पण माझ्या कागदावर आठशे मीटर आहे. दोन्ही शाळांचे फोटो काढायचे, सही करायची. मी तरी काय करू?"

"साहेब, तो जो पूल आहे ना," मॅडमनी सुरुवात केली, "तो खरं तर..."

"सायेब," पायल दारातून म्हणाली, "चालून पाह्यता का? आठशेच मीटर हाय."

साहेब हसले. पोटावरून हात फिरवला. "अरे वा. चला की. दहा मिनिटांचं काम. डॉक्टरांनी सांगितलंच आहे चालायला."

मॅडमचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. या सगळ्या प्रकरणातला मोठा गुन्हा तो एवढाच. बाकीचे किरकोळ.

साहेबांनी फोन काढला. रेंज नव्हती, पण त्यांनी नकाशा महिन्यापूर्वीच उतरवून ठेवला होता. पुसलेला पूल त्यात शाबूत होता, आणि वाट सांगणारा आवाजही. पुढे पायल आणि जावेद, मागे साहेब, त्यांच्या मागे मॅडम. फोल्डर मॅडमकडे. दयाराम सर उरलेल्या नऊ मुलांना पाढे म्हणायला लावून दारात उभे राहिले.

*सरळ जा.*

जानरावांच्या सोयाबीनमध्ये काळी माती अजून ओली होती. दर पावलाला साहेबांचे बूट थोडे मोठे होत होते. साठाव्या पावलाला ते हत्तीचे झाले. पावलं जावेद मोजत होता, मोठ्याने.

"तू मोजतोस कशाला?"

"प्रमाण, सायेब."

*शंभर मीटरवर थोडे उजवीकडे वळा.*

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, जानराव बसले होते. त्यांनी आधी साहेबांचे पाय पाहिले, मग साहेब.

"कुठी चालले?"

"सावरखुट्याला."

"इकळून?"

"रस्ता आहे ना. हा बघा, नकाशात." साहेबांनी फोन पुढे केला.

जानरावांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. "हे तं माहं वावर हाय. माह्या वावरातून रस्ता गेला अन् मलेच मालूम नाही. कवा गेला बे?"

"मागच्या महिन्यात," जावेद म्हणाला.

"अन् म्या कुठी होतो?"

"लग्नाले गेलते तुमी. खामगावले."

जानरावांनी मान डोलावली. एवढ्यात बरंच काही होऊ शकतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते उठून मागोमाग आले. पुढे काय होतं ते त्यांना पाहायचं होतं.

*सरळ जा. पुढे पूल आहे.*

नाला आधी ऐकू आला. मग दिसला. तांबडं पाणी, मांडीपर्यंत, वेगात. पलीकडे बाभळीच्या आडून सावरखुट्याच्या शाळेचा पत्रा चमकत होता. इतका जवळ, की तिथली प्रार्थनेची जागा झाडलेली दिसत होती.

*सरळ जा.*

साहेब थांबले.

*सरळ जा.*

"पूल थोडा खाली असेल," साहेब म्हणाले. डावीकडे वीस पावलं गेले, परत आले. उजवीकडे गेले, परत आले. मग एका मोठ्या दगडाकडे पाहून त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं. मॅडम "साहेब, नको" म्हणेपर्यंत एक पाय दगडावर होता. दगड फिरला. साहेब छातीपर्यंत पाण्यात बसले. फोन मात्र त्यांनी वर धरला होता.

*सरळ जा.*

कुणी हसलं नाही. मॅडमनी शिस्त लावली होती.

"सायेब," पायल काठावरून अदबीने म्हणाली, "आता तुमी पुलाच्या मधोमध हाय."

जानराव खाली वाकले. ते हात द्यायला वाकले की हसायला, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण साहेब बाहेर आले. काठावरच्या दगडावर बसून त्यांनी पँट पिळली. बुटांचा रंग आता नाल्याचा होता.

"पूल कुठे आहे?"

मॅडमनी श्वास घेतला. "नाही साहेब. आमच्या वर्गाने काढला. नकाशाचा पाठ चालला होता. मी तपासलं नाही, आणि वरून लिंक गटात टाकली. नंतर पुसला, पण तोवर तो तुमच्या कागदावर गेला होता."

"म्या काढला," पायल म्हणाली. "म्याडमले मालूम नव्हतं."

साहेब बराच वेळ एका मोज्यातून पाणी काढत राहिले.

"हे तुम्ही मला शाळेत सांगू शकत होता. चहा देताना."

"शाळेत सांगितलं असतं तर तुम्ही माझी चूक लिहिली असती, साहेब. नाला लिहिला नसता."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग हात पुढे केला. मॅडमनी फोल्डर दिलं. कागद कोरडा होता. त्यांनी आठशेच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि पेन थांबवलं.

"मग अंतर किती लिहू? तू सांग, पूल काढणारी."

"कोनत्या महिन्यात?" पायल म्हणाली.

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात आठशे मीटर. आता सव्वाचार किलोमीटर. अन् श्रावणात कदी कदी सावरखुटा राह्यतच नाही."

"बराबर हाय तिचं," जानराव म्हणाले.

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "रकाना एकच दिलाय," ते म्हणाले. जराशा तक्रारीने, जणू तो रकाना छापणारा इथेच कुठेतरी बसला होता. "एक किलोमीटरच्या वर गेलं की नाव यादीतून निघतं. आत राहिलं तर राहतं. मधलं काही नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं, ४.२५. खाली लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली." "प्रत्यक्ष" या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, जोरात, कागद फाटेल इतक्या.

"आणि माझं काय लिहिणार, साहेब?"

"तुमची चूक तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे आधीच पाणी फार झालंय." ते सही करायला वाकले.

पायल त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिच्या कपाळावर आठी आली.

"सायेब, पन हे तं उन्हाळ्यात खोटं..."

"पायल," मॅडम म्हणाल्या, "पळत जा आणि घंटा दे."

"आता? अजून मधली सुट्टीबी नाही झाली."

"पळ."

"कोनती घंटा देऊ? मधल्या सुट्टीची का शाळा सुटाची?"

साहेबांच्या पेनची शाई ओल्या बोटाने फुटत होती. ते पहिलं अक्षर पुन्हा गिरवत होते.

"सुटायची," मॅडम म्हणाल्या.

पायल सोयाबीनमधून धावत सुटली. मागे जावेद, पावलं न मोजता. साहेबांचं आडनाव लांबलचक होतं, आणि ते पूर्ण होण्याआधी घंटा वाजली. वाजतच राहिली.