विटाळाचं पान

प्रेमला माहेरी गेली त्याला अख्खा पावसाळा उलटला, आणि जयरामच्या पानमळ्यातली वेल अजून कुजतच होती.

गेली कसली, घालवली. भुईगावात पानमळ्यात शिरायचं तर वहाणा कुंपणाबाहेर काढतात, आणि विटाळातल्या बाईने कुंपणाकडे बघायचंही नाही. वेलींचे बुंधे काळे पडायला लागले तेव्हा जयरामच्या आईने, सुभद्राबाईने, वेलीकडे न बघता सुनेकडे बघितलं. "बाहेरची असताना ही आत गेली." प्रेमला म्हणाली, "नाही गेले." कोणी ऐकलं नाही. ज्याने ऐकायचं तो जयराम पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तिला चांदीपला भावाच्या दारात सोडून आला. पुरुष म्हणे.

ती पानं खुडायची तेव्हा तिच्या अंगठ्यातलं पत्र्याचं नख टक टक वाजायचं. आता मजुरीच्या बायका खुडायच्या. नखं त्यांचीही वाजत. जयराम चुकून मान वर करी, आणि भलतंच तोंड दिसे.

शेजारचा सेबेस्टियनमामा मरणाला टेकला होता. बाप गेल्यावर वेल बांधायची कशी, उतरवायची कधी, पान कुठलं खुडायचं, सगळं जयरामला या किरिस्तावाने शिकवलं होतं. पाद्री शेवटचं तेल लावून गेला. जयराम खाटेशी बसून त्याचे पाय चेपत होता.

"मामा, काही हवंय?"

"पान. प्रेमलाने खुडलेलं."

"ती इथे नाही, मामा. ठाऊक आहे ना तुम्हाला."

"मरायला लागलोय, खुळा नाय झालो. ती गेली. मग वेल सुधरली?"

जयराम पाय चेपत राहिला.

"सुधरेल कशी? मळ्याच्या खालच्या अंगाचा चर बुजलाय. पानी मुळात उभं राहतं. आंधळ्याच्याही पायाला लागलं असतं. तुला नाय लागलं, कारन बायकोवर ढकलनं सोपं."

म्हातारा खोकला. भिंतीवर क्रुसाखाली खिळ्याला एक पत्र्याचं नख दोऱ्यात लटकत होतं. त्याच्या मेलेल्या बायकोचं, मॅग्डलीनचं.

"तुझ्या बापाने मळा घातला तेव्हा बेनं कुठून नेलं?"

"तुमच्याकडून."

"माझ्याकडून नाय. हिच्या हातून. आमच्यात कसला विटाळ? महिन्याचे सगळे दिवस ती मळ्यात. त्या दिवशी पोट धरून बसली होती, तरी एकेक काडी छाटून तुझ्या बापाच्या टोपलीत ठेवली. त्याने विचारलं नाय, हिने सांगितलं नाय. त्याच वेलींपुढे तू वहाणा काढतोस."

जयरामच्या अंगावर काटा आला. मग हसू आलं. मग तेही गेलं.

"वेल मेली तर बेनं मिळतं रे," म्हातारा हळू बोलला. "हिच्यामागे मी दोनदा मळा नवा लावला. मळ्यातनं परतताना मारायची ती हिची हाक कुठून आनू? रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. कोन येनार होतं? तुझी जिवंत आहे, आणि तू इथे माझे पाय चेपतोस. ते नख काढ. तिच्यासाठी घेऊन जा."

सकाळी जयराम चांदीपला पोचला तेव्हा प्रेमला खळ्यात भात झोडत होती. हातातली पेंढी तिने खाली ठेवली नाही.

"मामा कसे आहेत?"

"जायला टेकलेत. तुझ्या हातचं पान मागतात."

"मामा मागतात. आणि तुम्ही?"

वाटेत जुळवलेलं सगळं तो विसरला. "मी पण," म्हणाला. "रोज."

तिने पेंढी ठेवली. "आज माझा दुसरा दिवस आहे. चार दिवसांनी या म्हणाल तर मी कधीच येणार नाही. येईन ती आज."

"आजच चल."

उन्हं कलताना दोघं मळ्याशी आली. सुभद्राबाई फाटकात आडवी.

"हिला विचारलंस का?"

"तिनेच सांगितलं. बाहेरची आहे. आई, बाजूला हो."

"वेल जाईल माझी."

"जातेच आहे. चर बुजलाय, तो उद्या मी उकरतो. हिच्यावर घातलं ते खोटं होतं, आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं."

सुभद्राबाई हलली नाही. मग जयरामने फाटकाशेजारचा कुंपणाचा बांबू उपटला आणि तिथून वाट केली. वहाणा काढायला तो वाकला, पण प्रेमला आधीच अनवाणी आत शिरली होती. मॅग्डलीनचं नख तिने अंगठ्यात घातलं. जरा सैल होतं. हात वर केला, पान निवडलं, आणि तेवढ्यात किरिस्तावांच्या देवळाची घंटा सुरू झाली. सावकाश, एकेक ठोका. मेलेल्याची.

तिचा हात थबकला.

"पोचलं नाही," ती म्हणाली.

"खूड," जयराम म्हणाला. "त्यांच्या हातात ठेवू."

टक वाजलं. जयरामने मान वर केली. तोंड तिचंच होतं, आणि ते रडत होतं.