अयूबभाईंच्या पडवीतला कूलबॉक्स

मित्रांनो, मला विकत घेण्यात अयूबभाईंचा फायदा काय होता, तो आधी मांडतो. माझी कहाणी त्याच्या मागून येईलच. लाइट गेली की घरातला फ्रिज बंद पडे आणि त्यांच्या बायकोचं, रहिमाचं, इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावं लागे. ते थांबणार होतं, हा एक फायदा. मुलगी झारा लांज्याहून रोज फोन करून त्यावरून बोलत असे. तेही थांबणार होतं. खरं सांगू? दुसरा फायदा त्यांना जास्त मोठा वाटत होता.

मी एक जुना कूलबॉक्स आहे, बॅटरीवर चालणारा. बाहेरून करडा, आतून पांढरा, आणि आता पार थकलेला. लांज्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक स्वस्त, गोंडस बॉक्स होता. अयूबभाईंचा हात आधी त्याच्याकडेच गेला.

"चाचा, त्यात नुसती थंड होणारी पट्टी आणि पंखा आहे," दुकानदार म्हणाला. "बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली नेतो, बस्स."

"म्हणजे उन्हाळ्यात कोमटच," झारा म्हणाली. "अब्बा, तो ठेवा खाली."

"आणि हा?" अयूबभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यात फ्रिजसारखा कंप्रेसर आहे. म्हणाल तेवढं थंड. तुमच्या होडीच्या बॅटरीवरही चालेल, आणि बॅटरी फार उतरली की आपणहून बंद होईल."

अयूबभाई नाटे गावचे तांडेल, म्हणजे स्वतःच्या होडीचे कप्तान. मासळीची पेटी पारखावी तसे ते माझ्या झाकणावर ऐसपैस बसले, मग रबराला नाक लावून वास घेतला. "टिकेल हा," म्हणाले. माझी एवढी तपासणी कारखान्यातही झाली नव्हती.

घरी झाराने मला चार अंशांवर लावलं. "दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. बटणाला हात लावू नका, अब्बा."

"मी कशाला लावू? पोरगी मला थंडी शिकवते!" अयूबभाई हसले.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लाइट गेली की शेजारच्या यमुनाबाई दूध घेऊन हजर. कुणी सरबत ठेवी, कुणी मुलांची जेली. प्रत्येक जण झाकण उघडून आपली वस्तू बघे, मग दुसऱ्याची बघे, मग मी किती छान आहे ते उघड्या झाकणावर हात ठेवून सांगे. आतली थंडी तेवढ्यात निघून जाई आणि मी पुन्हा कामाला लागे. कौतुकाने माणूस दमत नसेल, कूलबॉक्स दमतो. त्यात अयूबभाई मला खाऱ्या पाण्याने धूत. होडी तशीच धुतात ना!

मग तो मे महिना आला. वाऱ्याने विजेचे खांब आडवे झाले. मासेमारीच्या पावसाळी बंदीआधीची शेवटची खेप होती, बंदरावरच्या होड्या एकेक करून निघत होत्या. अयूबभाईंनी मात्र होडीची बॅटरी खांद्यावर मारून घरी आणली.

"अहो, होडी कशी सुरू होणार?" रहिमाने विचारलं.

"होडी थांबेल. तुझा औषध थांबायचा नाही."

मित्रांनो, इथपर्यंत सगळं सोन्यासारखं होतं. रहिमा आत गेली. अयूबभाईंनी बॅटरी जोडली आणि माझा आकडा पाहिला.

"चार? एवढ्यावर बांगडा टिकत नाही, औषध काय टिकणार?"

आयुष्यभर बर्फात हात घातलेला माणूस तो. थंडी जास्त झाली म्हणून मासा बिघडल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या प्रेमाने त्यांनी बटण दाबलं. आकडा शून्याखाली गेला, तरी बोट थांबलं नाही. उणे बारावर समाधान झालं. मी हुकमाचा ताबेदार. घरघरत राहिलो, इन्सुलिन गोठवलं, बॅटरी पिऊन टाकली आणि आपणहून बंद पडलो. मग माझ्या पोटातलं औषध वितळलं आणि होतं तसं दिसू लागलं.

रहिमा तेच टोचून घेत राहिली. तिची तहान भागेना. पाण्याचा तांब्या घेऊन ती माझ्या झाकणाला टेकून बसे.

"आंबा खाल्लास काय गो चोरून?" अयूबभाईंनी विचारलं.

"वासही घेतला नाही," ती म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

फोन लागेना म्हणून झारा स्वतः आली. आईचं तोंड पाहून ती थेट माझ्याकडे वळली. आली त्या रिक्षाच्या बॅटरीला माझी वायर लावली. बटण उणे बारावर लावलेलं दिसलं.

"अब्बा, हे कुणी केलं?"

अयूबभाईंनी हात पाठीमागे घेतले.

"अब्बा, इन्सुलिन म्हणजे सुरमई नव्हे. गोठलं की त्यातलं औषध मेलं."

त्याच रिक्षातून रहिमाला राजापूरला नेलं. सलाइन लागलं, नवं इन्सुलिन मिळालं, ती वाचली. अयूबभाई तिच्या पायाशी बसून होते. बर्फाचा माणूस, पण घामाने निथळत होता.

ती घरी आली तेव्हा पडवी शेजाऱ्यांनी भरलेली होती. यमुनाबाईंनी विचारलं, "अगो, झाला तरी काय?"

रहिमाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "काय होणार? बॉक्स बिघडला."

झाराने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं.

आता मी बिघडलेलाच राहायला हवा, नाही का? म्हणून मी पडवीत आहे. पोटात जाळ्याला लावायची शिशाची वजनं आहेत, अंगावर मीठ आहे. लाइट गेली की औषध मडक्यात जातं आणि अयूबभाई स्वतः वाळू ओली करतात. थेंब थेंब, बेताने.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला गोड्या पाण्याने पुसा, रिकामा ठेवताना झाकण किलकिलं ठेवा, आणि बटण दाबण्याआधी आत काय आहे ते विचारा. मायेलाही अंश मोजावे लागतात.

राहिला हिशेब. अयूबभाईंची शेवटची खेप गेली. चूक त्यांची, पण अंगातलं बळ गेलं रहिमाचं. आणि तांडेलाची अब्रू राखायला जे नाव खर्ची पडलं, ते माझं.