‘येते’ म्हणाली ती

मित्रांनो, मी पत्र्याची जुनी पेटी. पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले, हिरवा रंग दिला आणि म्हणाला, "दहा घरं फिरेल, पण मोडायची नाही." फिरण्याचे तर अगदी खरे ठरले.

मी चिंगीची. आईबाप नसलेली पोर. कधी या कुटुंबाने सांभाळली, कधी त्या. प्रत्येक घरातल्या काकू कौतुक करायच्या, "पेटी काय नीटनेटकी लावते पोरगी!" नीटनेटकी कसली? ती मला कधी रिकामीच करत नसे. उद्या निघायची वेळ आली तर? आणि निघताना म्हणायची, "जाते." तुम्ही-आम्ही घरातून निघताना "येते" म्हणतो. पण परत कुठे येणार होती ती?

मोठी झाल्यावर सांभाळणारी घरे संपली. एका संस्थेने कॉलेजसाठी शिष्यवृत्ती दिली आणि पाठीशी एक माणूसही दिले, निवृत्त नर्सबाई. दर रविवारी चिंगी त्यांच्याकडे जाई. बाई अभ्यास विचारत, कानउघाडणी करत, पोटभर जेवू घालत. वसतिगृहातले तिचे कपाट मात्र रिकामे, आणि मी खाटेखाली गच्च भरलेली. माझ्या कड्यांना गंज चढला.

पहिल्याच परीक्षेत ती रसायनशास्त्रात नापास झाली. झाले! मला उचलून बाईंच्या दारात उभी राहिली. कॉलेज सोडते, निरोप घ्यायला आले, म्हणाली.

"कोणी काढलं तुला?" बाईंनी विचारले.

"अजून कोणी नाही. पण काढतीलच ना. चुकलं की दुसरीकडे पाठवतात."

बाईंनी तिला हाताला धरून आत घेतले. मग म्हणाल्या, "मी पहिली सुई टोचली ती माझ्याच बोटात. तरी जन्मभर नर्सच राहिले. तुझा निकाल कळला तेव्हाच संस्थेशी बोललेय मी. फेरपरीक्षा द्यायची, शिकवणी ते लावतील. शिष्यवृत्ती कुठे जात नाही. चल, पेटी उघड."

बाईंनी आपल्या कपाटातला एक कप्पा मोकळा केला. जुने गणवेश खाली, चिंगीचे कपडे वर. किती वर्षांनी माझ्या तळाला उजेड लागला!

संध्याकाळी दोन-चार कपडे पिशवीत घेऊन वसतिगृहाकडे निघताना तिने मला उचललेच नाही. चपला घालता घालता म्हणाली, "येते, मावशी."

"ये. आणि येताना ते रसायनशास्त्राचं पुस्तक आण."

मित्रांनो, माझ्या कड्यांना तेल द्याल तर बरेच होईल. पण अशी भरलेली पेटी घेऊन कोणी तुमच्या दारात आले, तर आधी एक कप्पा मोकळा करा. रिकामे पडल्याचे आम्हा पेट्यांना मुळीच वाईट वाटत नाही.