वाघदेवाची मूळ जागा

"भिंतच," ऋषिकेश म्हणाला. "चिटणीस, लिहून घ्या. पर्याय क्रमांक एक, संरक्षक भिंत."

मी लिहून घेतलं. जव्हारच्या आमच्या सेवा क्लबचा मी बावीस वर्षं चिटणीस आहे. अध्यक्ष दरवर्षी बदलतो, यंदा ऋषिकेश आहे. चिटणीस बदलत नाही, कारण हे काम दुसऱ्या कोणाला नको असतं. बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, अक्षर बरं आहे आणि कोणी काही बोललं तरी मी उलट बोलत नाही. एवढ्या गुणांवर माणूस जन्मभर चिटणीस राहू शकतो.

विषय उंबरपाड्याचा होता. साखरशेतच्या पुढे, नदीच्या काठाला असलेला हा पाडा आमच्या क्लबने दत्तक घेतलेला आहे. गेल्या पावसाळ्यात नदी पाड्यात शिरली आणि खालच्या अंगाची सात घरं घेऊन गेली. माणसं वेळेवर बाहेर पडली. सातव्या घरातली रुपीसुद्धा बाहेर पडली होती, पण नागलीचं बियाणं राहिलं म्हणून ती परत आत गेली. तिसऱ्या दिवशी ती दोन मैल खाली सापडली. बाकीचे सगळे आठ महिने शाळेच्या मागे ताडपत्रीखाली राहत होते. आता होळी झाली होती. जूनच्या आत काय ते ठरवायला हवं होतं.

किमया ही ऋषिकेशची मेहुणी. नाशिकला इंजिनिअर आहे, सुट्टी काढून मदतीला आली होती. तिने पडद्यावर तीन पर्याय दाखवले. एक, सिमेंटची भिंत. दोन, लोखंडी जाळीत दगड भरून काठ बांधायचा. तीन, भिंतबिंत काही नाही, घरंच वर माळावर न्यायची. तिसरा पर्याय कोणालाच रुचला नाही. माळाच्या जागेचे कागद करायचे म्हणजे वर्ष जाणार, आणि खरं सांगायचं तर घरं वर नेल्यावर खाली फीत कापायला काय उरणार?

"पण पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत चढतं?" किमयाने विचारलं. "गेल्या वर्षीचा पूर असा क्वचितच येणारा होता, की असे पूर इथे येतात? सगळं त्यावर आहे. या नदीच्या नोंदी मला कुठेच मिळाल्या नाहीत."

"नोंद आहे ना," ऋषिकेश खुशीत म्हणाला. "पाड्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे, वाघदेवाच्या खाली घर बांधायचं नाही. म्हणजे वाघदेव हीच त्यांची पूररेषा. आणि तो देव कुठे आहे? आपण बांधलेल्या ओट्यावर. गेल्या वर्षी पाणी त्याच्याही वर गेलं, म्हणजे ते शंभर वर्षांतून एकदा जाणारं पाणी. ओट्याच्या रेषेत पुरुषभर उंच भिंत घालू. मागे घरं होती तिथेच पुन्हा उभी राहतील. आणि एक सांगतो, सात घरं वाहून गेली, पण आपला ओटा तसूभर हलला नाही. काम असं असतं."

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "ते काम चंदूकाकांचं."

मी मान लववली. हात चिटणीसाच्या सवयीने लिहीत होता. पण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की वाघदेव मुळात तिथे नव्हताच.

सोळा वर्षांपूर्वी क्लबचा रौप्यमहोत्सव होता. पाड्याने आमच्याकडे एकच मागणं केलं होतं, देवाला ओटा बांधून द्या. देव म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा उभा दगड, वर चढावावर, जांभळीखाली. काम माझ्याकडे आलं. उद्घाटनाचे पाहुणे मुंबईचे, आणि त्यांचे गुडघे दुखत होते. चढ त्यांना झेपणार नाही, असा आदल्या आठवड्यात निरोप आला. मग मी डोकं चालवलं. देवच खाली आणला, रस्त्याजवळ, नदीच्या अंगाला. गाडीतून उतरलं की चार पावलांवर देव.

पोश्या तेव्हा पन्नाशीचा असेल. देवाची पूजा त्यांच्या घरात. तो मला म्हणाला होता, "शेट, देव तठून हलवू नको. आजानं ठेवलाय तो. पानी तठवर आला व्हता."

त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात राग नसतो. पण माझी तेव्हा घाई होती आणि मला तो नसता शहाणपणा वाटला. "अरे पोश्या, चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "पाहुणे गेले की परत वर नेऊ."

गवंडी सोम्या चांगला कारागीर. उरलेलं सगळं सिमेंट त्याने देवाच्या बुडाशी ओतलं. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. वर न्यायचं राहून गेलं, आणि पुढे ओट्याच्या मागे एकेक करून सात घरं आली. मी विसरलो असं म्हणालो तर ते खोटं होईल. पहिली दोन वर्षं मला आठवत होतं.

"ठराव सर्वानुमते?" ऋषिकेशने विचारलं. हात वर झाले. माझाही झाला.

घरी आल्यावर ताटावर बसलो. पुष्पावती समोर बसून शेंगा सोलत होती. बेचाळीस वर्षांचा संसार आहे, तिला माझं तोंड दुकानाच्या पाटीसारखं वाचता येतं.

"मीटिंगला गेला होतात की मयताला?" तिने विचारलं.

मी सांगितलं. ती सोलायची थांबली. उद्घाटनाला देवाला हार तिनेच घातला होता.

"मग बोलला नाहीत?"

"सगळे इतके खूश होते."

"हं," ती म्हणाली. "तुमचं हे नेहमीचंच. कोणाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायचं, आणि मग वाईट व्हायचं ते दुसऱ्याचं होतं."

मला राग आला. खरं बोललेलं लागतं, तसा आला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "उद्या ती पोरगी मापं घ्यायला जाणार आहे ना? तुम्ही जा बरोबर. आणि त्या पोश्याला पहिल्यांदा हाक मारताना नीट मारा. त्याची बायको गेलीय."

रुपी पोश्याची बायको. हे मी आतापर्यंत सांगायचं टाळत होतो, तुम्हालाही आणि स्वतःलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किमयाच्या गाडीने निघालो. घाटात मोहाचा वास भरून राहिला होता. ती मला पाड्याबद्दल काय काय विचारत होती आणि मी हो-नाही करत होतो. किती तरी वेळा 'किमयाताई, एक सांगायचं होतं' असं जिभेवर आलं, आणि प्रत्येक वेळी पुढच्या वळणानंतर सांगू म्हणून मी गिळलं. अशी वळणं संपली आणि पाडा आला.

नदीत घोटाभर पाणी होतं. काठावर सात चौथऱ्यांच्या जागी नुसते दगडगोटे. त्यांच्या पुढे, नदीच्या अंगाला, आमचा ओटा ताठ उभा. संगमरवरी पाटीवर क्लबचं नाव, पाहुण्यांचं नाव आणि शेवटी बारीक अक्षरात 'संयोजक' म्हणून माझं. जगात माझं नाव दगडावर कोरलेलं असं ते एकच ठिकाण आहे. ते बघायला मी वर्षातून एकदा तरी येत असे, हेही कबूल करतो.

पोश्या ताडपत्रीखालून उठून आला. वाळला होता.

"पोश्याबाबा," मी म्हणालो. "बरं आहे ना?"

त्याने माझ्याकडे जरा बघितलं. बाबा मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. "हाय तसा हाय," तो म्हणाला.

किमयाने तिपाईवर दुर्बीण लावली आणि पट्टी धरायला तिच्या गाडीवाल्याला ओट्याकडे पाठवलं. "हा आपला शून्य बिंदू," ती म्हणाली. "सगळी मापं इथून."

"इथून नको," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण फार बारीक आला. तिला ऐकूच गेलं नसावं. मी पुन्हा म्हणालो, "किमयाताई, इथून मापू नका. हा देव इथला नाही. मी आणलाय त्याला खाली. सोळा वर्षं झाली. काल मीटिंगमध्ये मला बोलायला हवं होतं, मी बोललो नाही."

तिने दुर्बिणीवरून डोळा काढला. "मग मूळ जागा कुठली?"

मी पोश्याकडे बघितलं. मला ती जागा धड आठवत नव्हती. पोश्या चढ चढायला लागला. आम्ही मागे. दमायला झालं. मधे दोनदा मी थांबलो, तेव्हा तोही थांबला.

जांभळीखाली कमरेएवढा दगड मावेल असा खड्डा होता. इतक्या वर्षांत तो बुजायला हवा होता, पण खड्डा स्वच्छ होता. कडेला करवंटी होती, आणि शेंदूर लावलेलं पान, वाळलेलं पण यंदाचंच.

"इथे कोण पूजा करतं?" मी विचारलं.

"मी. दिवाळीत वाघबारशीला खाली बी करतो, वर बी करतो. खाली तुमचा हाय, वर आजाचा हाय."

किमया मात्र खड्ड्याकडे बघत नव्हती. हातभर खाली करवंदीच्या जाळीत वाळकं गवत, काटक्या आणि कोणाचं तरी निळं प्लास्टिक अडकलं होतं. ते डावीकडे उजवीकडे, चढाभर, एका रेषेत अडकत गेलं होतं. गेल्या पावसाळ्यातली नदी तिथवर येऊन परत गेली होती.

"म्हणजे हे पाणी आधीही आलं होतं," ती हळू म्हणाली. "यांच्या आजोबांनी बरोबर तिथेच देव ठेवला. बाबा, असं पुन्हा येईल?"

"येल ना," पोश्या म्हणाला. "आजाच्या टायमाला आला, आता आला. नदी हाय ती."

तिने खाली जाऊन मापं घेतली. ओटा आणि खड्डा यांत सतरा फुटांचा फरक निघाला. पुरुषभर भिंत त्यात कुठेच लागत नव्हती. "भिंत घातली आणि मागे घरं बांधली, तर आपण त्यांना पुन्हा पाण्यातच बसवतोय," ती म्हणाली. "तिसरा पर्याय. घरं वर. मी आजच जिजूंना सांगते. काका, तुम्ही लिहून द्याल?"

"देतो," मी म्हणालो. "सहीनिशी."

ती फोनला रेंज शोधत रस्त्याकडे गेली. आम्ही दोघे म्हातारे ओट्यापाशी उरलो. मला त्याला विचारायचं होतं, आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"तुला ठाऊक होतं, तर घर खाली का बांधलंस?"

पोश्या ओट्याच्या पायरीवर टेकला. "रुपी म्हनली. देव खाली उतरला, आता आपुन बी उतरू. वर होतो तवा तिनं चाळीस साल डोक्यावर पानी नेला, शेट. मान वाकडी जाली तिची. मी म्हनलो, नको, देव सोता नाय उतरला, त्याला उतरवलाय. ती म्हनं, कजाला भांडतोस, देव तर हितंच बसलाय ना." तो नदीकडे बघत राहिला. "खुश व्हती ती. दारातून पाच पावलांवर पानी."

माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, पण तो शब्द मला फार स्वस्त वाटला. दुकानात चुकून दुसरी वही दिली तरी मी तोच शब्द वापरतो. मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि मला रडू आलं. पोश्याने बघितलं नाही, किंवा न बघितल्यासारखं केलं.

"तुला काय पाहिजे सांग," मी शेवटी म्हणालो. "क्लबला सांगतो."

"कलब नको. देव वर दे."

"आज?"

"तू म्हनला व्हतास, पावने गेलं की."

तो ताडपत्रीखाली गेला आणि पहार घेऊन आला. पहिल्यांदा त्याने देवाला हात जोडले, मग बुडाशी घाव घातले. थोड्या वेळाने त्याला धाप लागली, तशी मी पहार घेतली. आयुष्यात पेनाहून जड काही उचललेलं नाही. माझ्या पहिल्याच घावाला संगमरवरी पाटीचा कोपरा उडाला, माझ्या नावासकट. त्याचं काही वाटलं नाही. मी मारत राहिलो. तळहाताला फोड आले, सदरा अंगाला चिकटला. सिमेंटवर पांढरे ओरखडे उठले, दोन-चार कपच्या निघाल्या. देव होता तसाच उभा होता.

पोश्याने वाकून बुडाशी हात फिरवला, एखाद्या जनावराचा पाय तपासावा तसा.

"लय पक्का काम केलास, शेट," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. त्याने माझ्या हातातून पहार घेतली आणि म्हणाला, "बस जरा. सांजपतुर काय तरी निघंल."