घड्याळजीकाकांनी कापलेलं सील

मी एक जुनं वॉशिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने थोडा थापाड्या. ऐन भरात असताना मी पायपुसणी अशी धुवायचो, की तिच्यावर पाय ठेवायला पाहुणे घाबरायचे. चपला हातात घेऊन उडी मारून आत यायचे! पण पुढची हकिकत मात्र शब्दन् शब्द खरी आहे.

मला घरी आणलं घड्याळजीकाकांनी. काकूंची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती. साधा टॉवेल पिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. दुकानदार म्हणाला, "कंपनीची दोन वर्षं संपली, की ही वाढीव वॉरंटी सुरू. पुढची तीन वर्षं मोटर जळली तरी फुकट बदलून मिळेल. अटी तेवढ्या वाचा." काकांनी सही ठोकली आणि कागद कपाटात ठेवला. मुंगीच्या पायाएवढी चाकं भिंगातून न्याहाळणाऱ्या माणसाने ती बारीक अक्षरं काही वाचली नाहीत.

तिसऱ्या वर्षी माझ्या पोटात खडखड सुरू झाली.

"अहो, कंपनीला फोन करा ना," काकू म्हणाल्या.

"अगं, उभा जन्म घड्याळं उघडण्यात गेला माझा. हे काय मोठं!"

काकांनी मागचं सील कापलं, आतून शर्टाचं बटण काढलं आणि ऐटीत काकूंच्या तळहातावर ठेवलं. त्या दिवशी घरात केवढं कौतुक!

पुढच्याच वर्षी माझी मोटर जळली. कंपनीच्या माणसाने मला वळवून पाहिलं.

"काका, सील कोणी कापलं?"

काकांच्या आधी काकूच पुढे झाल्या. "मी कापलं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

"कोणीही कापू दे, काकू. आमच्या माणसाशिवाय उघडलं की वॉरंटी रद्द. अटींतच आहे तसं."

काकांनी मान खाली घालून बटणाची गोष्ट सांगितली. तो हळहळला. "एक फोन करायचा होतात हो. बटण फुकट काढून दिलं असतं."

मनगटावर घड्याळ बांधणारेच कमी झाले होते. नवी मोटर काकांना झेपणारी नव्हती. आता मी न्हाणीघराच्या दाराशी मुकाट उभा असतो. चादरीचं एक टोक काका धरतात, दुसरं काकू. पीळ बसू लागला, की काका भिंतीकडे बघतात.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आली, की वॉरंटीचा कागद सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचा: केव्हापासून, कशाला लागू, कशाने रद्द. काका आता तो रोज वाचतात. तुम्ही वेळेवर वाचा.