कुणी पाहिलंय?

मी 'एव्हिडन्स-बेस्ड' बोलतोय. नाव भारदस्त इंग्रजी, पण घराणं साधं. माझा पहिला भाग लॅटिनमधून आला. त्याच्या पोटात 'पाहणं' आहे. दुसरा मूळचा ग्रीक, म्हणजे पाय टेकायची जागा. जे नीट पाहिलं, पडताळलं, त्यावरच उभं राहा, एवढंच माझं म्हणणं. १९९०च्या सुमारास कॅनडातल्या डॉक्टरांनी मला उचलून धरलं आणि मी जगभर मिरवू लागलो.

मिरवता मिरवता जरा चढलोच म्हणा ना. समोरच्याला गप्प बसवायला लोकांना मी फार सोयीचा पडतो.

म्हैसूरला, मंडी मोहल्ल्यातल्या गोदाबाईंच्या घरी, मी त्यांच्या धाकट्या मुलाच्या, नव्या डॉक्टर प्राणेशच्या तोंडून शिरलो. आठ महिन्यांच्या नातीला, कावेरीला, सकाळपासून जुलाब होत होते आणि गोदाबाईंनी तिचं पाणीच बंद केलं होतं. थोरली सून तुळसी, पोरीची आई, ओआरएसची वाटी घेऊन रडवेली उभी होती.

"अय्यो, पाणी बेडा, नको! जुलाब वाढतील," गोदाबाई म्हणाल्या. "मी एकादशीला थेंब घेत नाही. मला काय झालंय?"

"अम्मा, हे एव्हिडन्स-बेस्ड नाही!" प्राणेश ओरडला.

"असेल रे बाबा तुझं इंग्लिश. पण कुणी पाहिलंय?"

मी चपापलो. अहो, माझा जन्मच या प्रश्नातून झालाय! म्हातारी माझ्याच कुळातली निघाली. फक्त तिनं पाहिलं होतं ते स्वतःपुरतं.

प्राणेश ओशाळून आईजवळ बसला. "अम्मा, पोर रडतेय. डोळ्यांत पाणी दिसतं का, नोड, बघ. अंगातलं पाणी संपत आलं की आसवंही आटतात."

गोदाबाईंनी नातीच्या गालावरून बोट फिरवलं. गाल कोरडा ठणठणीत होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाटी त्यांनी स्वतःच मागून घेतली.

पहिला चमचा कावेरीनं ओकून टाकला. गोदाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"स्वल्प थांब, मग परत दे," म्हणत प्राणेशनं दवाखान्यासाठी रिक्षाही बोलावून ठेवली.

चमचा चमचा करता दुपार कलली. मग कावेरीनं भोकाड पसरलं आणि दोन्ही गाल भिजले. "रड गं माझे बाई, रड!" म्हणत गोदाबाईच हुंदके देऊ लागल्या. रिक्षा रिकामी परत गेली.

त्या घरात आता मला कुणी उच्चारत नाही. शेजारच्या बाळाला जुलाब झाले की गोदाबाई वाटी घेऊन निघतात आणि दारातूनच ओरडतात, "आधी डोळे नोडा!"

माझं नाव विसरलात तरी चालेल. तेवढे डोळे बघा.